हात दाखवला तरी न थांबणारी गाडी: नागपुरातल्या एका व्हीआर प्रयोगाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. कॉलेजचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, आणि कुणी ओळखू येईल असे तपशील थोडे बदलले आहेत. ज्येष्ठ नागरिकांना व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारा, हेडसेट घालून काही मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, या इच्छेने लिहिते आहे.

पार्श्वभूमी

आमचा विभाग मानसशास्त्राचा. प्रश्न साधा होता: साठी ओलांडलेली माणसं रस्ता ओलांडताना येणाऱ्या गाडीचा अंदाज कसा बांधतात?

या प्रश्नामागे जुना अभ्यास आहे. डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये मांडलं की, गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे हे डोळ्याला वेगवेगळं कळायची गरजच नाही. गाडीची प्रतिमा डोळ्यात किती मोठी आहे, आणि ती किती भराभर मोठी होते आहे, या दोहोंचा भागाकार केला की गाडी पोचायला किती सेकंद उरलेत ते मिळतं. पुढे जेनी ऑक्सली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की माणसं, वय वाढलेलीही, बरेचदा अंतरावरच जास्त भिस्त ठेवतात. गाडी लांब आहे ना, मग निघायचं. ती लांबची गाडी जोरात असली तर घात होतो.

नागपुरात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. सिमेंटचे रुंद रस्ते झाले, गाड्यांचा वेग वाढला, आणि पलीकडच्या भाजीच्या ठेल्यापर्यंत जायचं तर म्हाताऱ्या माणसाला रोज हा हिशेब करावा लागतो. आम्ही तो कागदावर करून पाहिला. दोन पदरी रस्ता ७ मीटरचा. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस तो जेमतेम ६ सेकंदांत ओलांडतो, ०.९ मीटरने चालणाऱ्या आजींना जवळपास ८ सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. म्हणजे पहिल्याला ६५ मीटरची मोकळीक पुरते, आजींना ८६ मीटर हवी.

खऱ्या गाडीसमोर कुणाला उभं करता येत नाही. व्हीआरमध्ये तीच गाडी, तोच वेग, तेच अंतर शंभर वेळा आणता येतं, आणि माणूस बसून बटण दाबत नाही, स्वतःच्या पायांनी चालतो. कॉलेजच्या एका लांबट हॉलमध्ये ७ मीटरची वाट आखली, दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडली, प्रत्येक सहभागीच्या दोन्ही बाजूंनी एकेक विद्यार्थिनी चालेल अशी व्यवस्था केली. चित्रातला रस्ता आमच्या ओळखीचा केला: सिमेंटचा पांढरा उजेड, कडुलिंब, दुभाजक, पानठेला. गाड्या ठरलेल्या वेगाने यायच्या आणि जायच्या. माणूस आणि गाडी एका जागी आली की चित्र राखाडी होऊन थांबायचं. धडक दाखवायची नाही, एवढी काळजी आम्ही घेतली होती आणि ती पुरेशी वाटली होती.

चाचणी आम्ही आपसातच केली. सगळ्यात मोठं वय माझं, ४४. सगळं छान चाललं.

काय बिघडलं

पहिले तीन ज्येष्ठ आले आणि तिघेही काठावर उभे राहिले. गाड्यांमध्ये भरपूर अंतर होतं, आमच्या हिशेबाने दोनदा ओलांडून व्हावं इतकं. तरी पाय उचलेना. एक काकाजी निघाले, मध्यावर थबकले आणि मागे वळले. आमच्या वहीत त्यांच्यापुढे नोंद पडली: ‘अतिसावध’, ‘अंदाज चुकीचा’.

इथे निर्णयाची पहिली जागा होती. या तिघांना बसवून, चहा देऊन विचारायला हवं होतं की काका, काऊन नाही निघाले? आम्ही त्यांना घरी सोडलं आणि दोष चित्रात शोधायला लागलो.

दोष सापडलेही, आणि ते खरेच होते. आमच्या हेडसेटचा पडदा दर डोळ्याला १८३२ बाय १९२० ठिपक्यांचा. ऐकायला मोठा आकडा, पण तो डोळ्यांसमोरच्या मोठ्या पट्ट्यावर पसरतो, आणि नजरेच्या कोनाच्या दर अंशाला सुमारे २० ठिपके उरतात. चांगली नजर दर अंशाला ६० ठिपके वेगळे पाहू शकते. ६५ मीटरवरची कार म्हणजे जेमतेम ३० ठिपके, आणि ती सेकंदाला फक्त ५ ठिपक्यांनी रुंदावते. मोटरसायकलवाला १२ ठिपक्यांचा, रुंदावतो सेकंदाला २ ठिपके. लींचा भागाकार करायला डोळ्यापाशी आकडाच नाही! त्यात हेडसेटमध्ये अंतरं मुळात कमी भासतात. २०१३ पर्यंतच्या अभ्यासांचा आढावा पाहिला तर सरासरी अंदाज खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास येतो. नव्या हेडसेटमध्ये हा दोष कमी झालाय, गेलेला नाही. डोळ्यांमधल्या अंतरासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा होत्या, आणि बायफोकल चष्म्यावर हेडसेट चढवला की वाचायचं भिंग नेमकं रस्त्यावर यायचं.

आणखी एक गोष्ट, फक्त नागपूरकरांना सुचेल अशी. एप्रिलचा दुसरा आठवडा, हॉलच्या खिडकीत मोठा कूलर. त्याच्या आवाजात आभासी गाड्यांचा आवाज बुडायचा. शिवाय वारा उजव्या गालावर लागतोय म्हणजे खिडकी उजवीकडे, हे डोळे बांधलेल्या माणसालाही कळतं. रस्त्यावर उभ्या माणसाला गालावर कूलरचा गार वारा लागत होता. आम्ही सत्रं सकाळी सातला आणली, कूलर बंद केला, मोटरसायकली काढून टाकल्या, ज्यांच्याकडे फक्त लांबचं बघायचा वेगळा चष्मा आहे त्यांनाच बोलावलं. दोन आठवडे गेले. सगळं सुधारलं आणि माणसं काठावरच उभी राहिली.

नवव्या सहभागी म्हणजे निवृत्त बालवाडीताई. वय ६८. रोज एकट्या बाजारात जाणाऱ्या, तुरुतुरु चालणाऱ्या. हेडसेट घातला, पदर खोचला, काठावर आल्या. दोन गाड्या जाऊ दिल्या. तिसरी येताना त्यांनी उजवा हात पुढे केला: तळवा खाली, बोटं गाडीकडे, जणू वासराला पाठीवर थोपटून ‘थांब रे’ म्हणावं तसा. आणि निघाल्या. गाडी ठरल्या वेगाने आली. तिला दुसरं काही येतच नव्हतं. चित्र राखाडी व्हायच्या आत आजी जोरात मागे झाल्या. बाजूच्या विद्यार्थिनीने दंडाला धरलं म्हणून पडल्या नाहीत.

हेडसेट काढला तेव्हा कपाळावर त्याची लाल रेघ उमटली होती आणि हात थरथरत होते. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, “हात दाखोला न म्या. दिसून नाही राहिला का त्याले? असा कोन चालवते गाडी, पोरी?”

गाडी खोटी आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी चालवणाऱ्याला दोष दिला. त्या गाडीत आम्ही माणूस बसवलाच नव्हता. काच नुसती काळी रंगवलेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या सुनेचा विद्यार्थिनीला फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. आई आज भाजीला गेल्या नाहीत, म्हणाल्या तूच जा. असं कधी होत नाही. तुम्ही काल तिथे काय दाखवलं त्यांना?

समोरचे पर्याय

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस आमच्यात बरंच बोलणं झालं. मी ते जसं झालं तसं मांडते.

प्रोग्रॅमिंग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं की प्रयोग चालू ठेवावा आणि प्रत्येकाला आधी स्पष्ट सांगावं, ‘इथल्या गाड्या थांबत नाहीत.’ त्याच्या बाजूने मोठं कारण होतं. गाडी सगळ्यांसाठी सारखीच वागली तरच माणसांमधला फरक मोजता येतो. ती कुणासाठी थांबली, कुणासाठी नाही, की तुलना संपली. हे मला आजही पटतं. पण न थांबणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर माणूस कसा वागतो हे मोजून आम्हाला नागपूरच्या रस्त्याबद्दल काय कळणार होतं?

दुसरा सोपा मार्ग म्हणजे ज्येष्ठ सोडून विद्यार्थी घेणं. तो पाच मिनिटांत बाजूला पडला. प्रश्नच ज्येष्ठांचा होता.

तिसरा पर्याय व्हीआर सोडून देण्याचा. ली आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मुलांसाठी सुंदर युक्ती केली होती. खऱ्या रस्त्याला लागूनच एक खोटा रस्ता आखायचा. मूल खऱ्या गाड्या बघतं आणि त्या जणू आपल्या रस्त्यावर येताहेत असं धरून खोटा रस्ता ओलांडतं. चित्र खरं, ठिपक्यांची अडचण नाही, धोका नाही. मला हा पर्याय फार आवडला होता. पण नीट विचार केल्यावर दिसलं की त्यातही गाडीवाल्याला माणूस दिसत नाही, तो हाताला उत्तर देत नाही. आमची अडचण जशीच्या तशी तिथेही होती.

चौथा पर्याय गाड्यांना उत्तर द्यायला शिकवण्याचा. त्यासाठी उत्तर म्हणजे नेमकं काय असतं, हे आधी कळायला हवं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. रोज करतो ती गोष्ट सांगता येत नाही.

काय केलं

आधी थांबलो. थांबायचं ठरवण्यात मी एक दिवस घालवला, हेही लिहिलं पाहिजे. उरलेल्या चार जणांना दिलेल्या वेळा मोडवेनात. मग संस्थेच्या नैतिकता समितीला घडलेलं सगळं लेखी कळवलं. आमच्या संमतीपत्रात चक्कर, मळमळ, डोळ्यांवर ताण, सगळं होतं. केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची सोळा लक्षणांची प्रश्नावली आम्ही मराठीत करून वापरत होतो. आजींनी त्यात जवळपास सगळीकडे शून्य लिहिलं होतं. त्यांना मळमळलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, आणि भीतीसाठी त्या कागदावर जागा नव्हती.

आजींच्या घरी विद्यार्थिनी आणि मी दोघी गेलो. माफी मागितली, गाडीत कुणी माणूस नव्हता, ती फक्त एक चित्रफीत होती, हे लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “मंग तुमी मले पयले काऊन नाही सांगितलं बाप्पा?”

मग सहा सकाळी सक्करदरा भागात बाजाराजवळच्या एका रस्त्यावर वही घेऊन उभ्या राहिलो. चित्रीकरण केलं नाही, चेहरे टिपले नाहीत, फक्त हालचालींच्या खुणा. हा सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मोकळ्या जागेची वाट फार थोडे लोक बघत होते. बहुतेक जण बोलणी करून जागा तयार करत होते. हात निघतो, पण त्याआधी चेहरा गाडीकडे वळतो, आणि एक पाऊल काठावरून खाली येतं. हे पाऊल म्हणजे विचारणा. ऑटोवाला ब्रेकला हलका पाय लावतो, ऑटोचं तोंड किंचित खाली दबतं. हे दबणं म्हणजे ‘हो’. ते दिसलं की माणूस निघतो. गाडी पूर्ण थांबायची वाट बघत नाही. दुचाकीवाला थांबत नाही, तो वाट बदलतो आणि माणसाच्या पाठीमागून काढतो. म्हणून ओलांडणाऱ्याने आपली चाल बदलायची नसते. अचानक धावला किंवा मागे फिरला की दुचाकीवाल्याने धरलेला अंदाज चुकतो आणि दोघंही अडचणीत येतात. आमच्या हॉलमध्ये मध्यावरून मागे फिरलेले काकाजी आठवले. रस्त्यावर ते कधीच तसे फिरले नसते. तिथे कुणी उत्तर देत नव्हतं, म्हणून फिरले.

फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ मध्ये दाखवलेलं आम्ही वर्गात शिकवतो: पडद्यावर नुसते त्रिकोण आणि वर्तुळ हलले तरी बघणाऱ्याला त्यात धमकावणं, पळणं, पाठलाग दिसतो. हालचालीत माणूस हेतू वाचतो. ज्या गाडीला आम्ही वेग आणि अंतर समजत होतो, तिच्यात आजी हेतू वाचत होत्या, आणि बरोबर वाचत होत्या. नजर, चाल आणि समोरच्याच्या मनाचा अंदाज या तीन गोष्टी आम्ही अभ्यासक्रमाच्या तीन प्रकरणांसारख्या वेगळ्या धरल्या. रस्त्यावर ती एकच गोष्ट असते. एकीचंच माप घेऊन आम्ही शहाण्या बाईला ‘अंदाज चुकीचा’ म्हटलं.

समितीच्या मान्यतेनंतर प्रयोगाचे दोन भाग केले. पहिल्यात ओलांडणं नाही. माणूस खुर्चीवर बसतो, गाडी येताना दिसते, मध्येच अदृश्य होते, आणि ती आपल्यापाशी पोचेल असं वाटेल तेव्हा बटण दाबायचं. शिफ आणि डेटवायलर यांनी १९७९ मध्ये चित्रफितींवर वापरलेली ही पद्धत. नजरेचा अंदाज यात निखळ मिळतो आणि कुणाला काठावर उभं राहावं लागत नाही.

दुसऱ्या भागात चालणं, पण गाड्या उत्तर देणाऱ्या. काचेमागे चालक बसवला. त्याचे डोळे दाखवण्यात अर्थ नव्हता: १५ मीटरवरचा चेहरा आमच्या पडद्यावर ११ ठिपक्यांचा. म्हणून मान वळणं आणि गाडीचं तोंड दबणं, या दोनच खुणा ठेवल्या. हेडसेटचे कॅमेरे हात ओळखतात, पण आपला हात कमरेच्या आसपास, खाली झुकलेला असतो. तिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. शेवटी एक विद्यार्थिनी लॅपटॉपशी बसली. हात दिसला की ती कळ दाबायची आणि गाडी दबायची. यंत्राच्या जागी माणूस आला, म्हणजे तिच्या दाबण्यातली कमी-जास्त घाई मोजमापात आली. ती आम्ही लिहून ठेवतो, लपवत नाही. माणूस रस्त्यावर असला तर कोणतीही गाडी ३ मीटर आधी थांबणारच, हे पक्कं केलं आणि प्रत्येकाला आधीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ‘आज बाहेर पडलात का?’ हे विचारणं आता सत्राचाच भाग आहे.

काय निघालं

पहिल्या फेरीतल्या पाच जणांनी परत यायचं मान्य केलं. काकाजी त्यात होते. उत्तर देणारी पहिलीच गाडी आली, तोंड दबलं, आणि ते सरळ एका चालीत पलीकडे गेले. पलीकडे पोचून त्यांनी रिकाम्या हवेत चालकाला हात उंचावून दाखवला, जसा आपण रस्त्यावर दाखवतो. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचं बाकी असलेले एक गृहस्थ उत्तर मिळूनही थबकत राहिले, आणि खुर्चीवरच्या भागातही त्यांचे अंदाज बरेच हुकले. त्यांची अडचण खरोखर नजरेची होती. दोन भाग वेगळे नसते तर काकाजी आणि ते आमच्या वहीत एकाच शेऱ्याखाली राहिले असते.

पहिल्या फेरीच्या नऊही जणांची मोजमापं रद्द केली. बाहेरच्या ज्या अभ्यासांत गाड्या थांबत नाहीत, त्यांच्याशी आता आमचे आकडे थेट ताडता येत नाहीत. सहकाऱ्याला याची हळहळ आहे आणि ती योग्य आहे. माणसंही अजून थोडी आहेत, त्यामुळे वयाबद्दल काही ठाम म्हणण्याच्या जागी आम्ही नाही.

बालवाडीताईंनी हेडसेट पुन्हा घातला नाही. आम्ही आग्रहही केला नाही. बाजाराला त्या चौथ्या दिवसापासून जायला लागल्या, हे सुनेने कळवलं.

आज परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी रस्त्यावर उभी राहीन, मग प्रोग्रॅम लिहायला बसेन. सहा सकाळींचं काम शेवटी केलं, ते पहिलं असायला हवं होतं. त्याला लागणारा खर्च म्हणजे एक वही.

चाचणी सत्तरीच्या दोघा-तिघांवर करेन, आणि ते सहभागी म्हणून नव्हे, सल्लागार म्हणून, मानधन देऊन. काठावर उभं राहिलेल्या पहिल्याच माणसाला ‘काऊन?’ विचारेन. ठिपक्यांचा आणि कूलरचा शोध घेण्यात गेलेले दोन आठवडे वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण ते दोष खुर्चीवरच्या भागात आज कामाला येताहेत. पण माणसाला विचारण्यापेक्षा यंत्र तपासणं आम्हाला सोपं वाटलं, आणि त्याची किंमत नवव्या सहभागीने दिली.

संमतीपत्रात एक ओळ अशी हवी: ‘इथे दिसणारी माणसं आणि गाड्या तुमच्या हावभावांना उत्तर देतीलच असं नाही.’ आणि हे कागदावर लिहून न थांबता, हेडसेट चढवण्याआधी लॅपटॉपवर दाखवायचं. हात दाखवा, बघा, थांबली नाही. मग ठरवा घालायचा का.

सध्या काम थांबलं आहे. मे महिन्यात कूलरशिवाय हॉल चालत नाही आणि हेडसेटखाली घामाने भिंगं धुरकटतात. जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा सुरू करू. दरम्यान शेवटच्या सत्रात एका मावशींनी सांगितलेल्या गोष्टीवर सहकारी काम करतोय. गाड्या त्यांच्यासाठी नीट थांबत होत्या, तरी त्या निघण्याआधी प्रत्येक वेळी डाव्या हाताने बाजूला चाचपडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, “एकटं कोन क्रॉस करते जी? बाजूले कोनी उभं करा न.”